डावं कोपर

९ जानेवारी, रविवार

आज सुट्टी! म्हणजे कॅलेंडरवर. साडेदहाला फोन — "बाई, म्हातारबा बसला." म्हातारबा म्हणजे आमच्या लॅबमधलं रक्त तपासायचं मशीन. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच महिन्यात इथे रुजू झालो. गेले, झाकण लावलं, बटण दाबलं, चालू! घाईबाई म्हणाली, "तुमच्या हातालाच गुण आहे हो." ही लॅबमधली दुसरी तंत्रज्ञ. चहासुद्धा उभ्यानेच पिते, म्हणून घाईबाई.

घरी आले तोवर जेवणं उरकलेली. एकटीच जेवले. चीड येते.

१० जानेवारी

धाकट्या बहिणीचा फोन. तिच्या कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितात. यंत्रावर काम केलेलं माणूस हवंय त्यांना. "ताई, ये ना. तुझ्याइतकं नीट समजावून कोण सांगतं?" नमुना पाठवायचा — आपल्याला येणारं एखादं काम असं लिहायचं, की अनोळखी माणूस नुसतं वाचून ते करेल.

मग म्हणाली, "माझ्या लग्नाचे फोटो काढून बघ. एकूण एक फोटोत तुझ्या कानाला फोन." खरंच आहे. तेव्हाही म्हातारबाच बसला होता.

१२ जानेवारी

म्हातारबा कसा चालू करायचा, यावर चार पानं लिहिली. अकरा पायऱ्या. किती वर्षांनी असं काही लिहिलं! जेवायचं भान नव्हतं.

नवरा म्हणाला, "एकोणीस वर्षांची नोकरी सोडून माहितीपुस्तिका? वाचतं कोण त्या? आपल्या मिक्सरची खोक्याबरोबरच फेकली होती आपण." हसलो दोघं. मग तो गंभीरपणे म्हणाला, "या वयात पुन्हा नवखी होशील. चालेल तुला?"  शेचाळीसाव्या वर्षी नवखी!

१३ जानेवारी

आज परीक्षा. घाईबाईच्या हातात पानं दिली आणि मी मागे उभी. हात पाठीशी, तोंड बंद. तिने एकेक ओळ वाचत केलं. पायरी सातवी — झाकण लावा, हिरवं बटण दाबा. लाल दिवा! पुन्हा केलं. पुन्हा लाल. मी पुढे झाले, तेच केलं — चालू.

काय चुकलं? दिवसभर याच प्रश्नाने डोकं खाल्लं. संध्याकाळी एप्रन घडी करताना दिसलं — डावं कोपर विरलंय. शिंपी दर वर्षी विचारतो, "बाई, एकच कोपर कसं काय फाटतं तुमचं?" तशीच उठून मशीनपाशी गेले. झाकण लावलं, उजव्या हाताने बटण — आणि डावं कोपर आपोआप झाकणावर! झाकण सैल झालंय, बटण दाबताना दाबून धरावं लागतं. मी ते कधीपासून धरतेय, मलाच माहीत नाही!!

१४ जानेवारी

बहिणीला नमुना पाठवला. सातव्या पायरीत कोपर घातलं.

लॅबच्या भिंतीवर लावायची प्रत वेगळी. त्यात कोपर नाही घातलं.

का? विसरले नाही. पेन हातात होतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मनाला सांगितलं. खोटं आहे. इथे तर खरं लिहावं — मी नसताना ते चालावं असं मला वाटलं नाही.

१८ जानेवारी

निवड झाली! शुक्रवारपर्यंत कळवायचं.

साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तुम्ही गेलात तर मशीन भंगारात जाईल. तुमच्याशिवाय इथे पान हलत नाही. आणि रिपोर्टसाठी ताटकळणाऱ्या लोकांचं काय?" दार लावून घेतल्यासारखं झालं. आणि तरी — लाज वाटते लिहायला — आतून सुखावले. जिन्यावरून उतरताना हसत होते. पिंजऱ्याची किल्ली माझ्याच खिशात, आणि मी गज मोजत बसलेय.

२० जानेवारी, गुरुवार

रजा टाकली. कारण — डोकेदुखी. खरं कारण — बघू दे सगळ्यांना.

फोन टेबलावर. नऊ. दहा. अकरा. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या फोनवरून मला फोन कर. वाजला. बिघडलेला नाही. तो म्हणाला, "अगं, वाजत नाही म्हणून रडणारी पहिलीच बाई बघतोय!"

मग भीती वाटायला लागली. मशीन बसलं असेल आणि डोकेदुखी म्हणून मला उठवत नसतील तर? सकाळपासून उपाशी येऊन रक्त देऊन गेलेली माणसं. त्यांचा काय दोष? एक वाक्य लिहिलं असतं तर! चारला राहवेना, मीच फोन केला. घाईबाई म्हणाली, "बेचाळीस जणांचं रक्त तपासून झालं, रिपोर्ट गेलेसुद्धा. तुम्ही झोपा." आणि ठेवलासुद्धा.

झोप कसली येतेय.

२१ जानेवारी

भिंतीवरच्या पानावर, सातव्या पायरीशेजारी निळ्या पेनने, घाईघाईचं अक्षर — "डावं कोपर झाकणावर दाबून धरा. बाई नेहमी धरतात."

"तुला कधी कळलं?"

"त्या दिवशी नाही का, तुम्ही मागे हात बांधून उभ्या होतात? मी बटण दाबलं की झाकणाच्या काचेत तुमचं कोपर हलताना दिसायचं. मग पुढे येऊन तुम्ही केलंत, तेव्हा ते झाकणावरच होतं. म्हटलं, लिहायचं राहिलं असेल बाईंचं."

"राहिलंच," म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत बहिणीला फोन केला. येते म्हणून सांगितलं.