तीन फुटांचा खड्डा

नाना, आज दुपारी मी जळगावला त्या बंगल्यात जाऊन आले. डाळ मिलवाल्या शेठजींच्या, जिथली बाग तुम्ही अकरा वर्षं सांभाळली. पूर्वेच्या कोपऱ्यात बाईंना पुन्हा झाड लावायचं होतं, ठिबकही नव्याने मांडायचं होतं, म्हणून ऑफिसने मला धुळ्याहून पाठवलं. तो कोपरा नऊ वर्षं रिकामा होता. का रिकामा होता, ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

तिथे सोनमोहर लावला तो दिवस मला मापासकट आठवतो. डिप्लोमा करून नोकरीला लागले त्याला दोनच महिने झाले होते. ठिबक तेव्हा आपल्याकडे नवं होतं, आणि त्या बागेची मांडणी हे माझं पहिलं काम. वर फूटभर काळी माती, खाली मुरूम. तुम्ही पहारेने मुरूम फोडताय, मी टेप घेऊन काठावर उभी आहे. खोली मोजताना टेपचं टोक तुम्ही स्वतः तळाला धरलंत. "देख, पुरा तीन फूट शे. मांगे म्हनशी, नानानी चोरी करी." मी वहीत तीन लिहिलं. रोप हातभर उंच होतं, म्हणून बुंध्यापासून वीतभर अंतरावर थेंबथेंब पाणी सोडणारे दोन ड्रिपर दिले. हातभर रोपाला ते बरोबरच होतं.

तीन वर्षांनी मी तपासणीला आले तेव्हा झाड पंधरा फूट झालं होतं आणि ड्रिपर जागेवर नव्हते. तुम्ही नुकताच नळीला तुकडा जोडून ती झाडाभोवती गोल फिरवली होती, बुंध्यापासून चांगली चार फूट लांब. सायकलच्या जुन्या स्पोकचे आकडे करून ती जमिनीत रोवली होती. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या.

"नाना, हे कोणी सरकवलं?"

"मीच. दुपारनी सावली जठे संपस, तठे पानी देवानं. खोडले काय तहान लागस?"

"डिझाइन परस्पर बदलायचं नसतं. उद्या काही बिघडलं तर मला विचारतील."

"बाई, ही मनी पोर नही, सासू शे!" तुम्ही हसत म्हणालात. बाईही हसल्या. मी हसले नाही. तुम्ही घरचं बोलायचात, मी ऑफिसचं. तिथेच उभं राहून मी तुमच्याकडून नळी पुन्हा बुंध्याशी आणवून घेतली.

पुढच्या वैशाखात वादळात सोनमोहर आडवा झाला. मी पाहायला आले. मुळं सगळी बुंध्याखालीच गुंडाळलेली, टोपलीएवढा एक गोळा. बाहेर एकही गेलं नव्हतं. पाणी मिळतं तिथेच मुळं राहतात, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तुम्ही त्या गोळ्याकडे पाहून हळूच म्हणालात, "झाड मोठं व्हयनं, पानी ल्हानपननंच ऱ्हायनं." तेवढ्यात बाई आल्या. कशाने पडलं, त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "खड्डा उथळ खणला गेला होता." अहवालातही तेच लिहिलं. तुम्ही फांद्या तोडत होतात. कोयता एकदा थांबला आणि मग पुन्हा चालू झाला. घरी जेवताना आईने विचारलं, आज एवढे मुके का? "झाड पडनं," एवढंच म्हणालात. दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

त्यानंतर मी आखलेल्या प्रत्येक बागेच्या नकाशावर एक सूचना असते: नळी दरवर्षी बाहेर सरकवावी. धुळ्यात देवपूरला एका डॉक्टरांच्या अंगणात सात झाडं आहेत, कडुनिंब, बकुळ, कांचन. सातही उभी आहेत, आणि मागच्या वैशाखातलं वादळ साधं नव्हतं. भर दुपारी सावलीच्या कडेने फिटर चुना टाकतात आणि त्यावरून नळी फिरवतात. त्याला ते "मॅडमनी रेघ" म्हणतात. रेघ माझी नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

आज खड्डा खणायला माणसं आली तेव्हा बाई म्हणाल्या, "या वेळी नीट खोल घे हं. मागच्यासारखं नको." मी हो म्हणू शकले असते. टेप हातात होता, म्हणून असेल, मला ते जमलं नाही.

"मागचा खड्डाही तीन फूटच होता. मी स्वतः मोजला होता. नानांनी नळी लांब नेली होती, ती मी परत बुंध्याशी आणवली. झाड माझ्यामुळे पडलं."

बाई म्हणाल्या, "अगं, पण तुझे नाना स्वतः मला म्हणाले होते. बाई, मुरूम लागला, माझाच हात आखडला. मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्यांच्या हातचं एक रोप कधी वाया गेलं नाही."

मी खाली बसून खड्डा मोजला. तीन फूट भरला. नवा सोनमोहर लावला. जवळ दोन ड्रिपर दिले आणि पुढच्या वाढीसाठी वीस फूट जादा नळी गुंडाळून भिंतीशी ठेवली. ती कधी आणि किती सरकवायची, ते बाईंनी दोनदा विचारून घेतलं. आजच्या अहवालात पहिल्या झाडाचंही लिहिलं: खड्डा पुरेसा होता, पाण्याची जागा चुकली, मांडणी माझी. साहेब वाचतील, विचारतील. विचारू देत.

हे पत्र वहीतच राहील. एक गोष्ट मात्र खरी लिहायला हवी. तुम्ही ते स्वतःवर घेतलं होतंत, हे बाईंकडून ऐकलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात म्हणून. वाईट वाटलं ते धुळ्याला परतताना, एसटीने पारोळा सोडल्यावर.