लुगडं-नारळाची बैठक

१४ डिसेंबर १९८८, धरणगाव

नव्या चपला गेल्या! राष्ट्राने नोंद घ्यावी. अजून चावायच्याही थांबल्या नव्हत्या. साप्ताहिकात लोकांची सालं काढतो म्हणून लोकांनी मला पंच केलं — आणि पहिल्याच बैठकीत मीच फिर्यादी!

बैठक मंजुळाबाईंच्या ओट्यावर. गेल्या महिन्यात ड्रायव्हर छगनने दारू पिऊन ट्रॅक्टर नाल्यात घातला. ट्रॉलीतल्या कापसावर बसलेला त्यांचा मुलगा सुपडू खाली दबला. छगन थोडा वेळ त्याच्यापाशी बसला, मग पळाला. पोरगं पहाटे गेलं.

ट्रॅक्टरमालक तोतारामशेठ लुगडं-नारळ घेऊन हजर. बाईने हातात घेतलं की मिटलं, ही आपल्याकडची रीत. मंजुळाबाईंनी हात पुढे केलाच नाही. एवढंच विचारलं, "छगन, सुपडूनी पानी मांगं का रे? काय बोलना तो?"

छगनचे ओठ हलले. शेठ गरजले, "वकीलनी काय सांगेल शे? चूप!"

छगन उठला आणि माझ्या चपला पायात सरकवून सुसाट! मागे उरल्या त्याच्या चपला, अंगठे तुटलेल्या.

बाई आत गेल्या, एक जोडा घेऊन आल्या. "ल्या नाना. सुपडून्या शेतस."

नको म्हणवेना. मापात बसल्या — हेच वाईट.

१५ डिसेंबर

दुसरा जोडा नाही. त्याच घालून शेठकडे गेलो. छगनला बोलू द्या, म्हटलं.

"नाना, तो बोलना की अडकना! तुम्ही त्या बाईले समजाडा."

छगन गोठ्यात कडबा तोडत होता. मान वर केली नाही. पाहिलं ते माझ्या पायांकडे. ओळखल्या त्याने. कोयता हातात तसाच राहिला.

१८ डिसेंबर

पुन्हा बैठक. छगन नाही — म्हणे ताप. लुगडं तेच, नारळ तोच. बाईंनी सगळ्यांना चहा दिला, शेठलासुद्धा.

"बठ्ठा लोक बोलनात नाना. तोच नही बोलना."

मी मध्यस्थ. म्हणजे ओट्याच्या मधोमध रोवलेला खांब.

१९ डिसेंबर

लेख द्यायचा होता. एकही टोमणा सुचला नाही.

२१ डिसेंबर

सुपडूच्या चपला पुसून परत करायला गेलो. दार लोटलेलं. उंबऱ्याशी माझ्या चपला! आतून छगन, अडखळत — "पानी मांगं व माय... दोनदा मांगं... मी पळी गऊ..."

सुपडूच्या चपला शेजारी हळूच ठेवल्या. माझ्या उचलल्या नाहीत. अनवाणीच आलो.