खांबावरून हाक

२९ मार्च २०२६, रविवार

सकाळी आठला गिरीशचा फोन. मुलगा वीस मिनिटांवर राहतो, एरवी दहाच्या आत उठत नाही. म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"बाबा, नेत्रा कॉलेजला जात नाही म्हणते. लाइनमन व्हायचंय तिला. लाइनमन!" दोनदा म्हणाला. मला एकदाच ऐकू आलं असतं तरी चाललं असतं.

नातीला तीन विद्यापीठांनी कॉम्प्युटर सायन्सला घेतलंय. एक मेपर्यंत कळवायचं आहे. आणि ही म्हणते, दोन वर्षांचा कोर्स करते, विजेच्या खांबांवर चढते! अठरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत, त्यामुळे फॉर्मवर गिरीशची सही लागणार. तो देणार नाही.

"ती फक्त तुमचं ऐकते. तुम्ही जन्म विजेत घालवलात. समजावा."

समजावतो म्हटलं. सुवर्णा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झालीत, ते बघणं मला कळतं.

३१ मार्च

उद्या एप्रिल आणि बाहेर बर्फ. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरीत पस्तीस वर्षं काढली, अजून दर वर्षी चिडतो.

वीज कंपनीचा मेल आलाय – दुपारी चार ते रात्री आठ जपून वापरा. आमच्या वेळी असा मेल पाठवायची लाज वाटली असती. निवृत्तीच्या दिवशी दिलेली पितळी पाटी पुसली. दिगंबर जे. खोडके, सिनियर इंजिनिअर. पाटी चकचकीत आहे, इंजिनिअर गंजलाय.

४ एप्रिल, शनिवार

नेत्रा आली. साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन बशा संपवल्या, मग मीच तोंड उघडायची वाट बघत बसली. हुशार आहे.

आधी डिग्री घे, मग काय हवं ते कर – हे भाषण मी बरं केलं असं मला वाटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजोबा, बाबाच्या कंपनीचं नवं डेटा सेंटर रेडी आहे. आठ मंथ्स झाले. पॉवरच नाही त्याला. लाइन टाकायला माणसं नाहीत." मग पुढचं इंग्रजीत, की सगळ्यांना कोड लिहायचाय, तार कोण ओढणार? आणि कोड तर आता मशीनच लिहितं.

म्हटलं, तुझ्या बाबानं डिग्री घेतली म्हणूनच हे घर उभं राहिलं.

"आणि फेब्रुवारीत त्याची अर्धी टीम गेली. ही इज स्केअर्ड एव्हरी थर्सडे, आजोबा." गिरीशच्या ऑफिसात माणसं काढतात ती गुरुवारी. हे मला ठाऊक नव्हतं. मुलानं मला सांगितलं नाही, नातीनं सांगितलं.

निघताना दारात म्हणाली, "तुझे बाबा पण इलेक्ट्रिसिटीमध्ये होते ना? इंजिनिअर?"

"वीज मंडळात होते," म्हणालो. अमेरिकेत आल्यापासून हेच वाक्य. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हेच, व्याह्यांच्या बैठकीत हेच. पुढे कुणी विचारत नाही. सुवर्णा आत मोठ्यानं खाकरली.

५ एप्रिल

झोप नीट नाही. स्टेट कॉलेज, एम.एस. केलं ते गाव, आठवत राहिलं.

जानेवारी १९७४. चौघांत एक अपार्टमेंट, एक कुकर आणि एकच बरा कोट. तेलाची टंचाई. पेट्रोलपंपावर मैलभर रांगा. सरकारनं भर हिवाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली, सकाळी मिट्ट काळोखात कॅम्पसची बस पकडायची. वर्गात हीटर कमी, प्रोफेसर टोपी घालून शिकवायचे. मोटर-जनरेटरच्या लॅबमध्ये मात्र ऊब. आम्ही डबे तिथंच खायचो. तेलाचा आणि तापलेल्या वार्निशचा तो वास! अजून कुठं ट्रान्सफॉर्मरजवळ गेलो की तेवीस वर्षांचा होतो.

प्रोफेसर म्हणायचे, मुलांनो, ज्याला वीज कळते तो कधी उपाशी मरणार नाही. आम्हाला ते खरं वाटायचं. किती श्रीमंत होतो आम्ही त्या थंडीत!

नव्वदनंतर ती लॅब बंद झाली म्हणे. यंत्रं भंगारात. तिथं आता कॉम्प्युटर आहेत.

११ एप्रिल

खरं लिहायचं तर लॅब रिकामी करणाऱ्यांत मीही आहे.

१९९६. गिरीशला माझ्यासारखं पॉवर इंजिनिअरिंग घ्यायचं होतं. लहानपणी माझ्याबरोबर सबस्टेशनला यायचा, कुंपणाबाहेर उभा राहून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकायचा. मीच म्हणालो – विजेत काय ठेवलंय आता? सगळे सॉफ्टवेअरला चाललेत, तू का मागे राहतोस? आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात तेव्हा हेच बोलणं. पोरगा गप्प गेला कॉम्प्युटरला. चांगला शिकला, चांगलं कमावलं. गुरुवारी घाबरतो.

१२ एप्रिल

सुवर्णा म्हणाली, "कधी सांगणार आहात पोरांना? मेल्यावर?"

मी पेपर उघडला. काय सांगायचं ते इथंही लिहिणार नाही.

१६ एप्रिल

नेत्राचा मेसेज. कोर्सआधी खांबावर चढून बघायचा वर्ग करतेय, शनिवारी तिथल्या ट्रेनिंग यार्डात घरच्यांना बोलावलंय, तूच ये, बाबा येणार नाही. जातो म्हणालो. त्या क्षणापासून जगन्नाथ डोळ्यांपुढून हलत नाही.

नागपूर, मे १९७०. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वादळानं अर्धं शहर अंधारात, परीक्षा तोंडावर. बाहेरगावाहून लाइनमन मागवले होते. आमच्या हॉस्टेलसमोरच्या खांबावर चढला तो जगन्नाथ. खाकी हाफपँट, कमरेला दोर, दोरात पक्कड. पायात काही नाही. आम्ही पोरं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. खांबाचा माथा बरोबर समोर, हातभर अंतर म्हणा. त्यानं मान वळवली आणि मला पाहिलं.

शेजारचा पोरगा म्हणाला, "अबे, तुझ्याकडेच बघून राहिला तो. ओळखीचा आहे का?"

"छे," मी म्हणालो.

जगन्नाथनं ऐकलं. ऐकलंच असणार. मग म्हणाला, "साहेब, जरा मागे सरका. तार लागेल."

मी मागे सरकलो. दिवे आले. पोरं ओरडली, मीही ओरडलो. तो उतरून सायकलवर पक्कड टाकून गेला. तोपर्यंत मला कुणीच साहेब म्हटलं नव्हतं.

१८ एप्रिल, शनिवार

यार्ड म्हणजे मोकळं मैदान. तारा नसलेले पन्नासेक खांब. वारा कान कापत होता. वीस-बावीस पोरं, त्यात दोन मुली. एक आमची.

डेल नावाचा शिक्षक, साठीचा, हात फळीसारखे. म्हणाला, पुढची दहा वर्षं मला रोज कंपन्यांचे फोन येणार, देऊ कुठून पोरं? मग मला विचारलं, तुम्ही या धंद्यातले? म्हटलं, कागदावरचा. हसला.

नेत्रानं बुटांना लोखंडी काटे बांधले, पट्टा खांबाभोवती घेतला आणि चढली. पट्टा वर सरकवायचा, पाय रोवायचा, पुन्हा पट्टा. मी मनात पावलं मोजत होतो आणि कधी कुंपण ओलांडून खांबाखाली गेलो ते कळलं नाही.

"आजोबा! मागे हो! डोक्यावर पडेल काहीतरी!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. मराठीत, एवढ्या मोठ्यानं, चाळीस फुटांवरून. तिला कुणाची लाज नाही की भीड नाही.

शेजारच्या बाईनं विचारलं, ही तुमची का? तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. माझी नात, म्हणालो. दोनदा.

एवढं सोपं होतं ते. एका शब्दाचं काम.

गाडीत बसून रडलो. नेत्राला वाटलं, वाऱ्यानं पाणी आलं. तिला तसंच वाटू दिलं.

२२ एप्रिल

गिरीशला फोन केला. ती पडणार नाही, मी बघून आलोय, म्हटलं. "तुम्हाला समजवायला सांगितलं होतं बाबा," म्हणाला, आणि ठेवला.

३० एप्रिल

गिरीश एकटाच आला. चहा गार होईपर्यंत ढवळत बसला. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील याची भीती नाही बाबा. म्हणजे आहे. आपल्यात खांबावर कोण चढलंय आजपर्यंत?"

सुवर्णा उठून आत गेली. पंचाहत्तर वर्षांचा घोडा, तोंडाला कुलूप.

जाताना दारात मी एवढंच म्हणू शकलो – शहाण्णव साली मी तुला अडवलं, ते चुकलं माझं. त्यानं बूट घालता घालता मान हलवली. "उद्या संध्याकाळी नेत्रा, तिची आई, आम्ही तिघंही येतो," म्हणाला. "फॉर्म घेऊन. दोन्ही."

१ मे

आले. कॉलेजचा आणि कोर्सचा, दोन्ही फॉर्म टेबलावर. नेत्रा कोर्सचा भरत होती. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, तिथं तिनं माझं नाव घातलं. "आजोबा, फुल नेम हवंय. जे म्हणजे काय?"

"जगन्नाथ," म्हणालो. "माझे वडील. लाइनमन होते."

गिरीशनं माझ्याकडे बघितलं, मग पेन उचललं आणि कोर्सच्या फॉर्मवर सही केली. हॉस्टेलचं अजून सांगितलेलं नाही.