बाबांचा अंगठा

प्रिय रोशनी,

फोनवर पायाचा विषय काढला की तुझ्या शाळेची घंटा होते, रविवारीसुद्धा. म्हणून कागदावर लिहितोय. इथे बोरगावात उन्हाने जीव नकोसा केलाय. वर्कशॉपमध्ये कृत्रिम पायांची कामं तुंबली आहेत, आणि बाबांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. पाय घडवायच्या रेझिनचा वास उठला की ते मागे उभे आहेत असं वाटतं. ते गेलेत हे ठाऊक असूनही मी वळून बघतोच.

तुझा पाय हे त्यांचं शेवटचं काम. लग्नात तू नव्या पायावर उभी राहावीस म्हणून आजारपणातही हट्टाने कामाला बसले. पौषातला गारठा, त्यात भट्टी बिघडलेली. पाय ज्यात बसतो ती रेझिनची वाटी साच्यावरून काढल्यावर त्यांनी नेहमीसारखा बाहेरून अंगठा दाबला. "उमटला त कच्चं हाय," हे त्यांचंच शास्त्र. उमटला. तरी हसून म्हणाले, "राहू दे, पोरीजवळ माही खूण."

रेझिन थंडीतही कडक होतं, पण आतले धागे एकमेकांत अर्धेच गुंततात. भट्टीच्या आचेत ते पुरते गुंतले असते, तर आपल्या उन्हाला जुमानले नसते. कमी आचेवर गोठलेलं रेझिन थोड्या उष्णतेनेही मऊ पडतं. म्हणून हिवाळ्यात तुला काही जाणवलं नाही. आता तुझ्या तळेगावच्या दुपारी शाळेत शिकवून घरी येताना पाय मऊ पडतो आणि सगळा भार त्या खुणेच्या आतल्या उंचवट्यावर येतो. उन्हात बाबा पाय धरतात, असं तू म्हणालीस. मी सगळं ठाऊक असून गप्प बसलो. मला तुझा हेवा वाटला गं. मला ते कुठेच धरत नाहीत.

काल जावयांचा फोन आला. तुझ्या पायाला जखम झालीय, अंगठ्याएवढी, आणि तू ती त्यांच्यापासूनही लपवत होतीस. डॉक्टर म्हणतात, अशीच चिघळली तर गुडघाही जाईल. बाई, मला भीती वाटते. भट्टी आता दुरुस्त झालीय. माप द्यायला ये. नवा पाय मी पुरता शेकून काढीन, वर अंगठा दाबून बघीन, आणि तो उमटणार नाही. जुना मात्र मोडणार नाही. माझ्या टेबलावर, खिडकीच्या उन्हात ठेवीन. इतके दिवस ते तुझ्याकडे होते, आता थोडे दिवस माझ्याकडे राहू देत.

तुझाच दादा,
रत्नदीप