बिनबंदुकीचे बारा सैनिक

तीर्थस्वरूप ताईस,

हाताला कवळ्यांची गुलाबी भुकटी आणि डोक्याला ताप, अशा अवस्थेतल्या तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का, की तो आता घरचाच झाला? पंधरा दिवस पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, पण कारण वाचलंस की हसशील. (हसू नकोस. मी अजून त्यातून सावरलेलो नाही.)

तुला ठाऊकच आहे, लग्नाला आठ महिने झाले तरी माझ्या बायकोची मुलगी (आता माझीही, पण हे तिने अजून मंजूर केलेलं नाही) आजीकडेच राहते. दर रविवारी येते, आईशी बोलते, माझ्याकडे कपाटाकडे बघावं तशी बघते आणि सहाला जाते. वय वर्षं तेरा, पण मी मनातल्या मनात तिला बाईसाहेबच म्हणतो. तर या बाईसाहेबांनी आईमार्फत निरोप धाडला की त्यांना एक नवा खेळ मिळाला आहे आणि मी तो त्यांच्याशी पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीतून न उठता खेळावा. मध्येच उठलो तर बाईसाहेब रविवारीही येणार नाहीत. मला आधी हा पोरखेळ वाटला. मग बायकोने सांगितलं की तिचे वडील प्रत्येक डावातून "आलोच पाच मिनिटांत" म्हणून उठायचे, आणि एकदा असेच उठले ते परत आलेच नाहीत. ताई, खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खेळाच्या खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलंय. लिहिणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. आत अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका, चौकोन आखलेला पुठ्ठ्याचा पट आणि ओंजळभर फासे. कुठल्याशा परग्रहावर यान कोसळलंय. माझ्या बारा सैनिकांपैकी एकाने तरी सहा फेऱ्यांत त्या यानाचं दार गाठायचं, आणि तिच्या आठ पायांच्या प्राण्यांनी त्यांना वाटेतच फस्त करायचं. सैनिक बोटाच्या पेराएवढे, तेही सुट्या तुकड्यांत (हात एकीकडे, डोकी दुसरीकडे). जोडून आणायचं काम माझ्याकडे. आता चोवीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या हातात बारीक प्लास्टिक दिलं की काय होणार? घासायचं मशीन सुरू झालं की माझे हात मला विचारत नाहीत. जे जे टोचेल ते ते घासायचं, गुळगुळीत करायचं आणि वर चकाकी आणायची. संध्याकाळपर्यंत बारा सैनिक असे तयार झाले की कुणाच्या हिरडीला ओरखडा उठला नसता. बंदुकांच्या नळ्या, शिरस्त्राणांवरच्या तारा, सगळं सपाट. करायला गेलो गणपती, झाला मारुती, आणि तोही बिनशेपटीचा. मला मात्र काम झकास झाल्यासारखं वाटत होतं.

रविवारी चारला बाईसाहेब समोर बसल्या. एकेक सैनिक उचलून उजेडात धरला. बंदुका कुठे आहेत म्हणून विचारलं. मी म्हटलं, टोचत होत्या. "कुणाला?" ती म्हणाली. मग तिने पुस्तिका उघडून नियम वाचला: ज्याच्या अंगावर जे शस्त्र दिसतं तेवढंच त्याच्यापाशी. म्हणजे माझ्या फौजेला एकही गोळी झाडता येणार नव्हती, नुसतं पळायचं होतं. वाटलं, आता पट गुंडाळून जाणार ही. पण तिने फासा पुढे सरकवला.

पहिल्या फेरीत तीन गेले, तिसरीअखेर पाच उरले. बायको स्वयंपाकघराच्या दारात तोच एक पेला पुसत उभी. पाचव्या फेरीला आतल्या कामाच्या खोलीतला फोन वाजला. रविवारी त्या फोनवर फक्त दातांचे डॉक्टर असतात, आणि त्यांचा फोन कधी चुकवायचा नसतो (माझं निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं). फोन वाजत राहिला. बाईसाहेब पटाकडे बघत नव्हत्या, टेबलाखाली माझ्या पायांकडे बघत होत्या. मी दोन्ही पायांनी खुर्चीच्या पायांना वेटोळं घालून बसलो. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. दहा मिनिटांत दारावरची बेल, आणि रुमालात दुभंगलेली कवळी घेऊन डॉक्टर स्वतः हजर. त्यांच्या एका पेशंटला सकाळी भरसभेत भाषण करायचं होतं. मी बसल्या जागेवरून ओरडलो, की माझा एकच माणूस जिवंत आहे, तुम्ही थांबा! डॉक्टर घाबरले. मग पटाशी येऊन उभे राहिले आणि दोन मिनिटांत मला सल्ले देऊ लागले, ते बाईसाहेबांनी एका नजरेत बंद केले.

सहावी फेरी. शेवटचा सैनिक दारापासून चार घरं लांब. चार किंवा जास्त पडले तर जिंकलो. टाकला. फासा टेबलावरून घरंगळला आणि थेट भांड्यांच्या कपाटाखाली. मी अर्धा उठलो होतो, ताई. अर्धा! तसाच हात टेकून अधांतरी राहिलो आणि परत बसलो. डॉक्टर वाकायला गेले, तर "कुणी हात लावायचा नाही," असं ती ओरडली. मग स्वतःच उठली, जमिनीवर पालथी पडली आणि कपाटाखाली बराच वेळ बघत राहिली. पालथ्या अवस्थेतच ती म्हणाली, "दोन."

हरलो. तिने पट, प्राणी, सैनिक सगळं खोक्यात भरलं, पुस्तिका तेवढी टेबलावर ठेवली आणि शेवटचं पान वाचा म्हणून गेली. मी डॉक्टरांची कवळी जोडायला बसलो. पेशंटचं भाषण नीट झालं म्हणे. माझं काय झालं, ते मलाच कळत नव्हतं. थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
कवळीवाला

ता. क. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: परतीचा डाव मागायचा हक्क फक्त हरणाऱ्याचा, जिंकणाऱ्याने मागायचा नाही. मी लगेच फोन करून मागितला. ती "बघते" म्हणाली.

ता. ता. क. काल बायकोने कपाटाखाली झाडू घातला. फासा तिथेच होता, बाईसाहेबांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. त्यावर पाच होते. म्हणजे जिंकलो होतो मी, आणि मग परतीचा डाव तिला माझ्याकडे मागावा लागला असता. बायको पदराने डोळे पुसत होती. मी फासा खिशात टाकला आणि गप्प बसलो. तूही कुठे बोलू नकोस.

ता. ता. ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. आज तिचा निरोप आला, की परतीचा डाव मोठा आहे, एका दुपारी संपत नाही, म्हणून ती शनिवारी येऊन सोमवारी जाईल आणि बैठकीत गाद्यांवर झोपणार नाही. लग्नात "आता एकट्याचा पलंग कशाला?" म्हणून तू जो घेऊन गेलीस, तो शुक्रवारपर्यंत पाठव. दुपारी दाजी त्यावर झोपतात हे मला ठाऊक आहे. त्यांना उठव.