डॉक्टरांच्या संग्रहातलं खोटं नाणं

सौ. सरकारांना दूरच्या नोकराचा सप्रेम नमस्कार.

आईचा गुडघा आता कसा आहे? धाकटी माझा फोटो बघून अजून "बाबा" म्हणते ना?

काल आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानाच्या मालकांनी मला दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नाणी पारखायला पाठवलं. रोमन साम्राज्याच्या पडत्या काळातली चांदीची नाणी त्यांनी जन्मभर जमवली आहेत. सोळाशे वर्षांपूर्वीची, आणि नखासारखी पातळ! मी एकेक नाणं भिंगाखाली धरून बघत होतो. एकाच्या कडेला बारीक शिवण दिसली. खरी नाणी हातोड्याने ठोकलेली असतात. हे साच्यात ओतलेलं, म्हणजे खोटं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "हे मी दिलेलं बरं का," त्या म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला."

मी ते नाणं हळूच जागेवर ठेवलं.

त्या आत गेल्यावर डॉक्टर कुजबुजले, "खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं. तिला मात्र सांगू नका."

कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर बाई हळूच विचारतात, "खोटं आहे ना ते? मला मागाहून कळलं. यांना सांगू नका हं, फार जपतात."

येताना वाटभर एकटाच हसत होतो. मग हसू थांबलं. मी दर पत्रात "मजेत आहे" लिहितो, तू "घरी सगळं छान" लिहितेस. खरं काय गं?

सुरुवात मी करतो. मला इथे अजिबात करमत नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच