मुक्ताच्या टायटल्समधलं लिंबू

शनिवार, संध्याकाळ

आमच्या मुक्तानं केलेली टायटल्स आज हडपसरच्या थिएटरात पाहिली. भुताचा विनोदी सिनेमा. पुढचा सगळा बेताचाच, पण ती टायटल्स!

अंधारात एक दार, दारावर लिंबू-मिरची. एकेक नाव येतं, तसं लिंबू दोऱ्यावर सावकाश फिरत जातं. शेवटी मागची बाजू समोर येते आणि तिथे दातांची खूण. कुणीतरी चावा घेतलाय! थिएटर आधी चिडीचूप, मग खो खो हसलं.

असं का झालं? येताना रिक्षात तोच विचार. भूत दाखवलं असतं तर कुणी घाबरलं नसतं आणि हसलंही नसतं. ज्या लिंबाला भिऊन भुतानं पळायचं, तेच त्यानं चाखलं. आधी दचकायला होतं, मग भुताचं आंबट तोंड डोळ्यांपुढे येतं. सगळं त्या एका चाव्यात. पोरीला सुचलं कसं?

ह्यांना विचारलं, "अहो, कशी वाटली?"

"नावं फार भराभर जातात. चष्मा पुसेपर्यंत संपली."

एवढंच! लेकीचं नाव एवढ्या मोठ्या पडद्यावर, आणि हा माणूस चष्मा पुसतोय.

आत्ता उंबऱ्याशी दिवा ठेवायला गेले. सकाळी ह्यांनीच मंडईतून आणून दारावर बांधलेलं लिंबू, आणि त्यावर दातांची खूण. आत हे तोंड वाकडं करून घटाघटा पाणी पीत होते.

"बघतेस काय? फोटो काढ आणि पाठव तिला."